गुटीतलं अतिविष आणि सोसायटीतला अशोक

एका आजींचा प्रश्न आहे. नात दोन महिन्यांची. तिच्यासाठी गुटीचं पाकीट, आणि बाळंतपणानंतर मुलीच्या अंगावरून जास्त जातंय म्हणून तिच्यासाठी पाव किलो अशोकसाल, असं दोन्ही त्यांनी एकाच काष्ठौषधीच्या दुकानातून आणलं. दुकानदार म्हणतो माल अस्सल आहे. फार्मसी शिकणारा भाचा म्हणतो, यातलं निम्मं तरी खोटं असतं. खरं कुणाचं मानायचं, आणि घरात ओळखायचं कसं?

ताई, आधी मुलीचं. बाळंतपणाला दोन महिने झाल्यावरही रक्त जास्त जात असेल तर साल खरी की खोटी हा नंतरचा प्रश्न. तिला या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी होऊ द्या. मी वैद्य असूनच हे सांगतोय.

वैद्य असलो तरी माझी उमेदीची वर्षं रुग्णांपेक्षा पोती तपासण्यात जास्त गेली. आसव-अरिष्टं करणाऱ्या एका कारखान्यात कच्च्या मालाच्या गोदामावर मी २८ वर्षं होतो. आलेला माल पास करायचा की परत पाठवायचा, एवढंच काम. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा दुकानदार बहुधा खोटं बोलत नाहीये. त्याला जे अशोक म्हणून मिळालं तेच त्याने अशोक म्हणून तुम्हाला दिलं. भेसळ पोत्यात शिरते त्याच्या पुष्कळ आधी नावात शिरलेली असते.

तुम्हीच सांगा, अशोकाचं झाड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शाळेच्या कुंपणाला, सरकारी कचेरीपुढे, सोसायटीच्या गेटजवळ रांगेत उभी असलेली उंच, सरळसोट, कडा नागमोडी असलेल्या लांब पानांची झाडं. लग्नाच्या मांडवाला आणि दसऱ्याच्या तोरणाला त्याचीच पानं लागतात. औषधातला अशोक हा नव्हे. औषधातला तो सीता-अशोक, शास्त्रीय नाव साराका असोका. बुटका, पसरट, दाट सावलीचा, आणि वसंतात केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट खोडाफांद्यांवर येणारा. तो शेंगांच्या कुळातला, चिंचेच्या नात्यातला. सोसायटीतला उंच अशोक (पॉलिअल्थिया लाँगिफोलिया) मात्र सीताफळाच्या कुळातला. म्हणजे सीतेचं नाव ज्याच्या वाट्याला आलं तो चिंचेकडचा, आणि सीताफळाच्या घरातला तो खोटा. आमच्या गोदामात हा विनोद दर जूनमध्ये एकदा तरी व्हायचाच.

जूनमध्येच का, तर पावसाळ्याच्या तोंडावर गावोगाव उंच अशोकाची छाटणी होते. ओंडके जळणाला जातात आणि साल जवळजवळ फुकट पडते. तिकडे सीता-अशोक सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात ओढ्याकाठी वाढतो, सावकाश वाढतो, आणि साल चौफेर काढली की वाळून जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे. याच सालीचं अशोकारिष्ट मात्र देशातली जवळपास प्रत्येक फार्मसी काढते. एवढ्या बाटल्यांना पुरेल इतकी साल या झाडांवर आहे का, हा हिशोब कुणी मांडत नाही.

आता तुमच्या पाव किलोकडे वळू. एक जाडसा तुकडा घ्या आणि दोन्ही हातांनी मोडा. सीता-अशोकाची साल मोडताना कपच्या निघतात. मोडलेल्या जागी बाहेरच्या बुचाच्या थराखाली एक बारीक पांढरट रेघ सलग दिसते आणि त्याच्या आत तांबूस-तपकिरी रंग. बाहेरून ती राखाडी-हिरवट असते, तिच्यावर बारीक गोल पुटकुळ्या आणि आडव्या वळ्या असतात. उंच अशोकाची साल मोडायला गेलात तर ती मोडतच नाही, सुतळीसारख्या पट्ट्या सुटतात आणि तुकडा हातात लोंबत राहतो. सीताफळाच्या कुळातल्या बहुतेक झाडांची हीच तऱ्हा, सालीत धाग्यांचे थरावर थर.

मग एक तुकडा वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. गोदामात माझ्या टेबलावर स्टीलच्या वाट्या कायम मांडलेल्या असायच्या आणि प्रत्येकीखाली पोत्याच्या नंबराची चिठ्ठी. सकाळी आल्यावर आधी बोट बुडवायचं, चहा नंतर. खऱ्या सालीचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं आणि चिमटीत पातळच लागतं. उंच अशोकाचं पाणी बुळबुळीत होतं, भेंडी चिरताना बोटांना तार येते तशी तार सुटते. त्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला तर खरी साल तोंड आवळून टाकते, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी. एका वर्षी लागोपाठ आलेल्या तीन गाड्या मी या वाट्यांवरच परत पाठवल्या. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा होता तेव्हा. मालकांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

यात एक मेख आहे. तार सुटली तर माल खोटा, हे बरंचसं पक्कं. तार सुटली नाही म्हणून खरा, असं मात्र नाही, कारण कांचन, सालवृक्ष अशा इतर झाडांच्या तुरट सालीही अशोक म्हणून येतात. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो आणि भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशातले निकष लावावे लागतात. अशोकसालीत बाहेरचा कचरा २ टक्क्यांच्या वर नको, एकूण राख ११ टक्क्यांच्या आत हवी, अल्कोहोलमध्ये विरघळणारा भाग निदान १५ टक्के हवा. राख जास्त भरली की समजायचं, माती आहे. अर्क कमी भरला की समजायचं, एक तर दुसरीच साल आहे किंवा सत्त्व आधीच कुणीतरी काढून घेतलंय. हे घरी होणारं काम नाही.

नावाच्या घोळाचं दुसरं उदाहरण नागकेशराचं. तेही तुमच्या मुलीच्या तक्रारीत देतात, म्हणून पुढेमागे दुकानदार सुचवेल. औषधातलं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले वाळलेले सोनेरी पुंकेसर. बाजारात ‘लाल नागकेशर’ म्हणून देठासकट बारीक गोल तांबड्या कळ्या मिळतात, त्या चक्क आपल्या सुरंगीच्या. वेंगुर्ल्याकडे जिच्या वळेसरांचा (गजऱ्यांचा) वास घरभर घमघमतो तीच सुरंगी. तिकडे लोक कळे झाडून, वाळवून व्यापाऱ्याला देतात. ते काही फसवत नाहीत, ते सुरंगीच विकतात. पोतं कोकणाबाहेर पडलं की वाटेत कुठेतरी त्याचं नागकेशर होतं. आणखी एक ‘काळं नागकेशर’ असतं, ती दालचिनीच्या जातीतली कच्ची फळं. म्हणजे एका नावाखाली तीन झाडं, आणि तिन्हींचे भाव वेगळे.

आता गुटी. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण अशोकसाल खोटी निघाली तर बहुधा फक्त गुण येणार नाही, पण गुटीत चूक झाली तर ती दोन महिन्यांच्या जिवाला भोवते.

पाकीट ताटात उघडा. मुरुडशेंग, खारीक, बदाम, सागरगोटा, हळकुंड, जायफळ यांची काळजी नको, आकारच असे आहेत की मुरुडशेंगेचा पीळ कुणाला नकली करता येणार नाही. सुंठ आणि बाळहिरडा किडका नाही ना, एवढं बघा. ज्येष्ठमध आतून पिवळं आणि चवीला गोड हवं, कधी कधी गुंजेचं मूळ त्याच्या नावाने खपवतात आणि तेही थोडं गोडसरच लागतं. डिकेमालीत खडे आणि सालीचे तुकडे असतात, पण तिचा उग्र वास लपत नाही.

राहिलं अतिविष. बोटाच्या पेराएवढा, वर जाड आणि खाली निमुळता, राखाडी-पांढरट कंद. मोडला तर आत पिठासारखा पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर गोलात चार-पाच तपकिरी ठिपके. हा हिमालयातला, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या उंचावरचा. रानात आता इतका कमी उरलाय की निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, आणि किलोचा भाव हजारांत. दहा-वीस रुपयांच्या गुटीच्या पाकिटात तो खरा कसा परवडतो, याचं उत्तर ज्याने त्याने काढावं. पुष्कळदा त्याच्या जागी नागरमोथा निघतो. तो काळपट, केसाळ आणि सुगंधी असतो, त्यामुळे चटकन ओळखू येतो. गंमत म्हणजे अतिविष नसेल तर मोथा घ्या असं भावप्रकाश या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथातच सांगितलंय. अष्टवर्ग या आठ औषधींच्या गटातल्या दुर्मीळ वनस्पतींसाठीही तिथे अशा जोड्या दिल्यात, मेदा-महामेदा नसतील तर शतावरी, काकोली-क्षीरकाकोली नसतील तर अश्वगंधा. त्याला प्रतिनिधी द्रव्य म्हणतात. सांगून-सवरून केलेला बदल आणि गुपचूप केलेला बदल यात फरक आहे. वेष्टनावर ‘मोथा’ लिहून मोथा दिला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती.

मोथ्याने बाळाला फारसं काही होणार नाही. भीती वेगळीच आहे. अतिविष हे विषारी बचनागाचं चुलत भावंड. एकाच वंशातली, डोंगरात दोन्हींची मुळंच खणतात, आणि खणणारा प्रत्येक जण जाणकार असेलच असं नाही. बचनागाचा कंद बाहेरून काळपट-तपकिरी असतो आणि त्याने जीभ बधिर होते. त्यातलं अ‍ॅकोनिटिन हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि त्याला मात्रा फार थोडी पुरते. औषधिकोशात अतिविषाच्या वर्णनात ‘कडू, पण जिभेला मुंग्या येत नाहीत’ असं म्हटलंय ते उगाच नाही. मी गोदामात कणभर चावून थुंकायचो आणि चूळ भरायचो, पण ही परीक्षा घरात कुणी करू नये. कंद आतून पांढरा नसेल, बाहेरून काळा असेल, किंवा नुसती शंका जरी आली तरी फेकून द्या. उगाळून बघू नका.

आणि आता ज्यावर तुम्ही रागवाल ते. गुटीतलं वेखंड अगदी अस्सल असलं तरी दोन महिन्यांच्या बाळाच्या पोटात मी ते देणार नाही. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापायी अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. माझ्या आईने आम्हा चौघांना गुटी दिली, सहाणेवर कशाचे किती वळसे द्यायचे हे तिला तोंडपाठ होतं. पण ती वेखंड परसातून खणायची आणि मुरुडशेंग समोरच्या टेकडीवरून आणायची. पाकिटातल्या गुटीवर तिचा अनुभव लागू होत नाही.

‘घोळ होतो नावाचा, त्यात एवढं काय’ असं कुणाला वाटेल, तर ब्रसेल्समधली गोष्ट सांगतो. १९९०च्या सुमारास तिथल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्यात ‘फांग ची’ नावाचं मूळ घालायचं होतं. चिनीत त्या नावाशी जुळणाऱ्या दोन वनस्पती आहेत, एक स्टेफानिया आणि दुसरी अ‍ॅरिस्टोलोकिया. आली दुसरी. तिच्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं बिघडली, त्यातल्या पुष्कळजणींना डायलिसिस किंवा मूत्रपिंड बदलण्याची पाळी आली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. १९९३ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं तेव्हा कुठे गोळीतली वनस्पती तपासली गेली. त्याच वंशातली सापसंद आपल्या रानात आहे आणि गावठी औषधांत वापरलीही जाते. ती अस्सल असणं हाच तिचा दोष आहे.

गुळवेलीचंही असंच ऐकलं असेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच्या, म्हणजे खऱ्या गुळवेलीच्या, जागी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल वापरली गेली असावी. क्रिस्पाचं खोड राखाडी आणि गाठागाठांचं असतं, पांढरट चीक निघतो. वाद अजून मिटलेला नाही. खरी गुळवेलही काही जणांना, विशेषतः ज्यांचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं अशांना, बाधू शकते असं त्या डॉक्टरांचं मत आहे, आणि ते मला उडवून लावण्यासारखं वाटत नाही. घ्यायचीच असेल तर ओल्या वेलीचा तुकडा घ्या. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांनी गुळवेलीचा चांगला व्यवसाय उभा केलाय. ज्याने वेल स्वतः तोडली त्याच्याकडून घेतलेला माल मधल्या चार हातांतून फिरून आलेल्या मालापेक्षा केव्हाही बरा.

ओल्या तुकड्यावर एवढा जोर देतो कारण माझा सगळा राग चूर्णावर आहे. साल मोडून बघता येते, कंद कापून बघता येतो, चूर्णाचं तुम्ही काय करणार? डबीत बारीक तपकिरी पूड असते आणि वरचं लेबल हाच एक पुरावा. गंमत बघा, कधी कधी तपासणीच भेसळीला वाट करून देते. अश्वगंधेचं मूळ औषधी. पण गिऱ्हाईक ‘विदानोलाइड्स (अश्वगंधेतली गुणकारी मानलेली द्रव्यं) किती टक्के’ असं विचारायला लागलं, आणि ती द्रव्यं पानांतही भरपूर, त्यातलं विदाफेरिन-ए तर मुळापेक्षा पानात जास्त. मग मुळाच्या पुडीत पाला घातला की आकडा वाढतो आणि खर्च कमी होतो. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना लिहावं लागलं की पानं वापरू नका. आजकाल डीएनए तपासणीचा फार बोलबाला आहे. तिने झाड कोणतं ते कळतं, पण मूळ आणि पान एकाच झाडाचं असल्यामुळे हा भेद तिला कळत नाही. अर्क असेल तर त्यात डीएनए धड उरतही नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पानाची त्वचारंध्रं लगेच दिसतात. जुनं ते सोनं वगैरे म्हणत नाही मी, पण ते जुनं यंत्र इथे खरंच कामाला येतं.

चूर्णातली खरी घातक भेसळ मात्र वनस्पतीची नसतेच. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर कुणीतरी बिनालेबलाची पुडी देतं आणि तीन दिवसांत माणूस चालायला लागतो, तेव्हा पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखं स्टेरॉइड असण्याची शक्यता धरावी. झाडपाल्याला इतकी घाई नसते. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. शंका आली म्हणून पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि त्यांना सरळ सांगायचं.

कायद्याचं विचाराल तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळं प्रकरण आहे, भेसळीची आणि बनावट औषधाची व्याख्याही आहे. तयार औषध बनवायला परवाना लागतो, आणि लेबलवर प्रत्येक वनस्पतीचं शास्त्रीय नाव व कोणता भाग वापरला ते छापावं लागतं. ते नसेल तर डबी खाली ठेवा. जड धातूंच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत: शिसं दहा लाख भागांत १० भाग, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. पण आयुर्वेदिक औषध विकायला परवाना लागत नाही, आणि तुमच्यासारखी सुटी साल कागदात बांधून दिली तर तिच्यावर लेबलच नसतं. तयार औषधाबद्दल तक्रार असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे जाते, त्यासाठी बिल आणि न फोडलेला एक नग जवळ हवा. सालीच्या पुडीवर ते काय करतील याबद्दल मला फार आशा नाही.

तेव्हा असं करा. गुटीच्या पाकिटातून अतिविष आणि वेखंड काढून टाका, आणि बाकीचं नात सहा महिन्यांची होईपर्यंत डब्यात राहू द्या, नंतरही बालरोगतज्ज्ञाला विचारूनच. सालीचा तुकडा आज रात्री वाटीत घाला. सकाळी तार सुटली तर पुडी घेऊन दुकानदाराकडे जा आणि वाटीही सोबत न्या. त्याच्यावर आवाज चढवू नका, त्याच्या गल्ल्यासमोर ती तार दाखवा. माझ्या पाहण्यातले असे दोन दुकानदार आहेत की ज्यांनी त्यानंतर स्वतःच पोत्याआधी वाटी मांडायला सुरुवात केली. नाहीच सुटली तार, तर एक तुकडा मोडून त्यात ती पांढरी रेघ दिसते का, ते उजेडात नीट बघा.